गोकुळाष्टमीचं उधाण : एका हस्तलिखिताचं प्रकरण

कादंबरीच्या पहिल्या प्रुफात श्रीकृष्णाचा जन्म पौर्णिमेला झाला होता. लेखिकेनं तो अष्टमीलाच लिहिला होता. गावातल्या देवळात पाळणा बांधलेला, बायका पाळणा म्हणतायत, सुंठवडा वाटला जातोय, आणि वरच्या परिच्छेदात छापलंय, 'पौर्णिमेच्या रात्री खाडीला उधाण आलं.' तिनं त्या पानाचा फोटो आमच्या लेखकमंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. खाली एकच ओळ होती : 'हे कोणी केलं?'

पुढचे दोन दिवस गटावर मुद्रितशोधक या जमातीचा उद्धार चालला होता. प्रत्येकाकडे आपापला किस्सा होताच. कुणाच्या कवितेतला मुद्दाम मोडलेला शब्द कुणीतरी जोडून टाकला होता, कुणाच्या आजीच्या तोंडी पुण्याची भाषा घातली होती. मी त्या गटात आहे आणि दुसऱ्यांच्या हस्तलिखितांवर काम करणं हाच माझा व्यवसाय आहे. त्यामुळे लेखिका आणि प्रकाशक दोघांनीही मला मधे बसायला सांगितलं. नेमकं काय झालं हे त्यातून कळलं, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतो आहे. नावं कुणाचीच देत नाही. लेखिकेला सगळे ताई म्हणतात आणि मुद्रितशोधकांना काका, तेवढं पुरे.

ताई ऐरोलीजवळच्या गावठाणातल्या, आगरी घरातल्या. कादंबरी तीन पिढ्यांची आहे. पारसिकचा मोठा बोगदा रेल्वेला खुला झाला ते १९१६ साल तिची सुरुवात, आणि शेवट सिडकोच्या भूसंपादनापाशी. मधे खाडीकाठची खारजमीन, मिठागरं, बांधबंदिस्ती, मुंबईला जाऊन मजुरी करणारी मुलं. काम जवळजवळ दहा वर्षं चाललं होतं आणि त्यातला बराच काळ संशोधनात गेला.

हे संशोधन आम्ही सगळ्यांनी मिळून उपभोगलं म्हटलं तरी चालेल. शनिवारी संध्याकाळी तलावपाळीवर एक फेरी आणि मग नौपाड्यात एकाच्या घरी चहा, असा आमचा क्रम. ताई १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून काहीतरी टिपून आणायच्या, आणि आम्ही त्यावर तुटून पडायचो. १८८२ सालच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाण्यावरचे खंड कुणीतरी मोबाइलवर उघडायचं. १९२६ साली पनवेल कोणत्या जिल्ह्यात होतं यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. पनवेल १८८३ मध्येच ठाण्यातून निघून कुलाब्यात गेलं होतं, आणि कुलाब्याचं रायगड व्हायला १९८१ उजाडलं. १६ एप्रिल १८५३ ची पहिली गाडी कादंबरीत कुठेच येत नव्हती, तरी ती चर्चेत दर आठवड्याला यायची. ठाणेकर चार जण जमले की ती गाडी सुटतेच.

पण एवढ्या चर्चेत हस्तलिखित पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग कुणी वाचलं होतं? आम्ही प्रकरणं सुटी वाचली. आवडलेल्या तपशिलांना दाद दिली, जड वाटलेले काढायला लावले. कथेतल्या तिथ्या, वार, वयं, ऋतू एकाखाली एक मांडून कुणीच बघितलं नाही. संशोधनाच्या गप्पा रंगतात, कारण त्यात नवं काही सापडतं. तिथ्या जुळवणं हे हिशेबाचं काम आहे आणि त्याला चहाबरोबर कुणी बसत नाही.

ते काम शेवटी एकट्या काकांनी केलं होतं. गटावर शिव्या चालल्या होत्या तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं.

काय काय बदललं होतं

प्रकाशकांकडून ताईंना आली ती स्वच्छ पीडीएफ. कोणता शब्द बदलला, कोणता तसाच ठेवला, याची एकही खूण नाही. त्यांची मूळ फाइल युनिकोडमधली, मांडणी झालेली जुन्या फॉन्टमध्ये, त्यामुळे संगणकाला दोन्ही प्रती ताडून बघायला सांगायचीही सोय नव्हती. त्यांनी पट्टी धरून ओळ ओळ ताडली आणि चौथ्या प्रकरणापर्यंत येता येता त्यांचा धीर सुटला. प्रकाशकांना निरोप गेला : सगळे बदल रद्द करा, माझं मूळ जसंच्या तसं छापा.

मी मांडणीतला मजकूर परत युनिकोडमध्ये आणून घेतला आणि मग दोन्ही फाइली संगणकावर ताडल्या. शेकडो फरक निघाले. त्यातला मोठा भाग निव्वळ फॉन्टबदलाचा होता. 'होरी' म्हणजे होडी, तिचं अनेकवचन 'होऱ्या'. पुस्तकभर त्याचं 'होर्या' झालं होतं. अर्धा र मधे कुठेतरी गळाला आणि रफार होऊन डोक्यावर जाऊन बसला. हे माणसाचं पाप नव्हतंच, पण ताईंच्या लेखी तेही काकांच्याच खात्यावर जमा होतं.

उरलेल्या बदलांत काही निर्विवाद बरोबर होते. १९२६ मधला म्हातारा अंतर 'किलोमीटर'मध्ये मोजत होता, त्याचं 'कोस' झालं होतं. १९४० च्या बाजारात कुणीतरी 'पन्नास पैसे' देत होतं, ते 'आठ आणे' झालं होतं. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. १९७२ मध्ये एक पात्र 'रायगड जिल्ह्यातून' येत होतं, ते 'कुलाबा जिल्ह्यातून' येऊ लागलं होतं. जिल्ह्यांवर एक अख्खी संध्याकाळ घालवलेल्या आमच्या गटाच्या नजरेतून हे सुटलं होतं. 'जसंच्या तसं' छापलं असतं तर हे सगळं परत आत आलं असतं.

आणि काही बदलांनी खरंच नुकसान केलं होतं. त्यातला घड्याळाचा किस्सा सविस्तर सांगण्यासारखा आहे.

१९२६ मध्ये नायकाचा मोठा मुलगा ठाण्याहून गाडीनं मुंबईला जातो. गाडी ९ वाजून ४० मिनिटांनी पोचते. तो स्टेशनाबाहेर येतो, महापालिकेच्या घड्याळाकडे बघतो, तर त्यात ९ वाजून ५ मिनिटं. तो चालू लागतो. प्रुफात त्या ९:०५ चे ९:४५ झाले होते. कुणालाही ही टंकलेखनाचीच चूक वाटेल. ती चूक नव्हती. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली, रेल्वे त्या वेळेनं चालू लागली, पण मुंबई शहरानं आपला 'मुंबई टाइम' सोडला नाही. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली ती घड्याळं १९५५ पर्यंत शहरात चालू होती. ताईंना हे शोधायला बराच खटाटोप पडला होता. पहिल्या खर्ड्यात त्यावर एक परिच्छेदही होता. तो आम्हीच काढायला लावला. 'संशोधन दिसता कामा नये' हे आमच्या गटातलं लाडकं वाक्य. परिच्छेद गेला आणि मागे उरले नुसते दोन आकडे, एकमेकांशी न जुळणारे. पुढच्या वाचणाऱ्यानं ते जुळवले.

पुनर्लेखनात असं फार वेळा होतं असं माझं निरीक्षण आहे. लेखक स्पष्टीकरण छाटतो, ते योग्यच असतं, पण त्या स्पष्टीकरणाच्या आधारानं उभा असलेला विचित्र तपशील तसाच राहतो. लेखकाच्या डोक्यात स्पष्टीकरण शाबूत असतं, म्हणून त्याला तो विचित्र दिसत नाही. पहिल्यांदा वाचणाऱ्याला दुसरं काही दिसतच नाही.

काकांच्या घरी

काका कळव्याला राहतात. खिळे जुळवण्याच्या काळात गिरगावातल्या छापखान्यात लागले, तेव्हापासून प्रुफं तपासतात. त्यांना पानामागे पैसे मिळतात आणि त्या पैशात प्रुफंही तपासायची, भाषाही बघायची, तपशीलही सांभाळायचे. ही खरं तर वेगवेगळी कामं. आपल्याकडे बहुतेक छोटे प्रकाशक ती एकाच माणसाला, एकाच वाचनात आणि एकाच दरात करायला लावतात. मोठ्यांकडेही याहून फार वेगळं असतं असं नाही.

ताई आल्या त्या तावातावानंच. "काका, कृष्णजन्म पौर्णिमेला? तुम्ही तरी असं कसं केलंत?"

काका काही बोलले नाहीत. आतून कागदांचा गठ्ठा घेऊन आले. त्यांनी तपासलेली मूळ प्रत, कागदावरची. प्रकाशकांकडून त्यांनी ती परत मागून घेतली होती. ते पान काढून त्यांनी ताईंपुढे ठेवलं.

पानावर लाल शाईच्या खुणा होत्या : कुठे काना, कुठे स्वल्पविराम, एक शब्द पुढेमागे. 'अष्टमीच्या' या शब्दाला मात्र लाल शाई लागलेलीच नव्हती. त्याखाली शिसपेन्सिलीची रेघ होती आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'अष्टमीला उधाण कसे? भांग असेल. पौर्णिमा की अमावास्या? ले. विचारणे.'

"लाल म्हणजे दुरुस्ती, पेन्सिल म्हणजे प्रश्न," काका म्हणाले. "आयुष्यभर असंच करत आलो, ताई. प्रश्न तुमच्यापर्यंत आला नाही, तर मी काय करू?"

प्रश्न कुठे अडला ते मग शोधलं. प्रकाशकांची मांडणी करणारी मुलगी घरून काम करते. तिला कागद गेले नव्हते, मोबाइलवर काढलेले स्कॅन गेले होते. तिनं ते पान आम्हाला दाखवलं. लाल शाई ठळक. पेन्सिलीतली बरीचशी अक्षरं उजेडात धुऊन गेलेली. 'पौर्णिमा' हा शब्द काकांनी जरा दाबून लिहिला असावा, तो आणि त्याच्या मागेपुढे काही काड्या एवढंच दिसत होतं. 'अष्टमीच्या'खाली रेघ, समासात 'पौर्णिमा'. तिनं बदल केला. तिलाही पानामागेच पैसे मिळतात, आणि पाळणा होता तो पुढच्या परिच्छेदात.

काकांचा प्रश्न तर शंभर टक्के बरोबर होता. मोठी भरती येते ती अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. अष्टमीला भांग, म्हणजे भरतीही बेताची आणि ओहोटीही बेताची. खारबांध त्या रात्री पाण्याच्या जोरानं फुटणार नाही. खाडीकाठच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ताई स्वतः खाडीकाठच्या, आणि त्यांनाही ते माहीत होतंच. पण गाव देवळात गोळा झालेलं असताना बांधावर कुणी नाही, ही कल्पना त्यांना इतकी आवडली होती की तिथीकडे त्यांनी मग पाहिलंच नाही.

ताई बराच वेळ त्या पेन्सिलीच्या ओळीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "पौर्णिमा चालणार नाही. दोन रात्रींनी पोरं अंधारात पळून जातात."

"मग अमावास्या करा," काका म्हणाले. "पिठोरी. तरी पोरं पळतील."

आमच्या गटातल्या एकानं नंतर सुचवलं की पौर्णिमाच ठेवा आणि आभाळात ढग टाका, श्रावणच आहे. ताईंनी ते ऐकलं नाही आणि बरं झालं. त्यांनी कृष्णजन्म अष्टमीलाच ठेवला, बांध पिठोरी अमावास्येला फोडला, आणि मधल्या आठवड्यासाठी एक नवं प्रकरण लिहिलं. त्यात खेकड्यांनी पोखरलेल्या बांधातून पाणी झिरपायला लागतं, दोन भाऊ चिखल आणि पेंढा कोंबून भोकं बुजवत राहतात, आणि 'उधाणाआधी बांध घालून घेऊ' हे प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतो. माझ्या मते कादंबरीतलं ते सगळ्यात चांगलं प्रकरण आहे.

पेन्सिलीनं न सुटलेलं

पण सगळा दोष स्कॅनवर ढकलून चालणार नाही. संवादांतले बदल काकांनी लाल शाईनंच केले होते. आगरी बोलीत 'पाणी'चं 'पानी' होतं, 'डोळा'चा 'डोला', 'गाडी'ची 'गारी', 'मला'चं 'मना'. काकांनी सगळीकडे नाही, पण बऱ्याच ठिकाणी हे प्रमाण मराठीत आणलं होतं. ताईंचा खरा राग यावरच होता. पौर्णिमेचं निमित्त झालं.

"माझी आजी 'पाणी' कधी म्हणालीच नाही, काका."

"कबूल. पण तेराव्या पानावर ती 'मना' म्हणते आणि त्याच पानावर खाली 'मला' म्हणते. मी कोणतं धरायचं?"

ताईंनी पान बघितलं. पहिल्या ठिकाणी आजी सुनेशी बोलते, दुसऱ्या ठिकाणी शाळामास्तरांशी. परक्या शिकल्यासवरल्या माणसापुढे ती जपून बोलते, ते मुद्दाम केलं होतं. पण बाविसाव्या पानावरचं 'मला' कशासाठी होतं, हे ताईंनाही सांगता येईना. तिथे ती घरच्याच माणसाशी बोलत होती. मुद्दाम केलेलं आणि हातून सुटलेलं हे पानावर अगदी एकसारखंच दिसतं. वाचणाऱ्याला ते वेगळं करता येत नाही, आणि त्यानं अंदाजानं करूही नये.

इथे मी ताईंच्या बाजूचा आहे. शंका आली तर संवादाला लाल शाई लावूच नये. निवेदनात एखादी वेलांटी चुकीची सुधारली गेली तर ती फक्त वेलांटी असते. संवादात तीच सुधारणा माणसाचं गाव बदलून टाकते. काकांनी हे लगेच मान्य केलं नाही. 'वाचकाला कळायला नको का?' हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो पुष्कळ संपादकांचा असतो. 'डोला' वाचून अडणारा मराठी वाचक मला अजून भेटायचा आहे.

दुसरा वाद १९२१ सालच्या एका अर्जाचा होता. ताईंच्या पणजोबांनी खारजमिनीबद्दल कलेक्टरला केलेला हा खरा अर्ज, मोडीतला. त्याचं लिप्यंतर ताईंनी करून घेतलं होतं आणि ते जुन्या वळणानं छापायचं होतं, 'ठाणें', 'नांव', 'त्यांणीं' असं. काकांनी सगळे अनुस्वार उडवले होते. काकांचा आधार पक्का होता. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १८ : पहिले १४ हे १९६२ चे, पुढचे ४ हे १९७२ चे. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य मुळाप्रमाणे छापावं, आणि त्यानंतरचं नव्या नियमांनी. १९२१ चा अर्ज नियमानं 'नंतरचा'च.

ताई म्हणाल्या, नियम छापील साहित्यासाठी आहे, हा माझ्या घरचा कागद आहे. काकांनी त्यावर जे विचारलं ते मला आवडलं. "मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं लिहीतच नाहीत. मग ह्या वेलांट्या तुमच्या पणजोबांच्या, की लिप्यंतर करणाऱ्याच्या?" ताईंकडे मूळ कागदाचा फोटो होता. मोडी वाचता येणाऱ्या एका गृहस्थांना तो परत दाखवला. लिप्यंतरातले निम्मेअधिक अनुस्वार मूळ कागदावर नव्हतेच. जुनं दिसावं म्हणून ते कुणीतरी हौसेनं पेरले होते. शेवटी मूळ कागदावर दिसतील तेवढेच अनुस्वार ठेवले, वेलांट्या आजच्या नियमानं घेतल्या, आणि तसं तळटिपेत सांगून टाकलं. दोघांनाही हे पूर्ण पटलेलं नाही.

पुढे काय ठरलं

ताईंनी दोन पानांचं एक टिपण केलं. कोणतं पात्र कुणाशी कसं बोलतं, कोणते शब्द बोलीतच राहतील, कोणत्या घटना कोणत्या तिथीला आणि कोणत्या साली होतात, आणि कोणते तपशील विचित्र दिसले तरी मुद्दाम तसेच आहेत. त्या शेवटच्या यादीत मुंबई टाइम सगळ्यात वर आहे. हे टिपण हस्तलिखिताबरोबर सुरुवातीलाच गेलं असतं तर काकांची निम्मी लाल शाई वाचली असती. लेखकांना हा कारकुनी उद्योग वाटतो. संशोधनाच्या वह्या भरलेल्या असतात, पण त्यातलं काय पुस्तकात शिल्लक राहिलं आहे, याचा एक कागद नसतो.

काकांनी आता प्रश्न निळ्या शाईत लिहायचं मान्य केलं आहे, कारण निळी शाई स्कॅनमध्ये उमटते. शिवाय प्रत्येक प्रश्नाला क्रमांक असतो आणि त्यांची वेगळी यादी थेट लेखकाला जाते. प्रकाशकांशी मात्र घासाघीस झाली. खुणा दिसतील अशी प्रत लेखकाला पाठवायला ते तयार नव्हते. 'लेखकांना खुणा दाखवल्या की ते प्रत्येक स्वल्पविरामावर भांडतात,' असं त्यांचं म्हणणं. हे अगदीच खोटं नाही. स्वल्पविरामावर पाऊण तास भांडलेला लेखक मी पाहिला आहे. तरीही न दाखवलेल्या बदलानं जे भांडण होतं त्यापुढे ते पाऊण तास स्वस्तच. तूर्त तडजोड अशी आहे : वेलांट्या, काने, विरामचिन्हं न दाखवता बदलायची, आणि शब्द, आकडा किंवा संवाद बदलला तर तो दाखवायचा.

दुसरं प्रुफ काकांनी परत पूर्ण वाचलं. प्रकाशकांनी त्याचे पैसे द्यायला नकार दिला. त्यांच्या मते ती पहिल्याच वाचनाची दुरुस्ती होती. ताईंनी आपल्या खिशातून देऊ केले, ते काकांनी घेतले नाहीत. मांडणी करणाऱ्या मुलीनं नवं प्रकरण मधे घातलं, पुढची सगळी पानं परत लावली. त्याची मजुरी कुणी द्यायची यावर प्रकाशक आणि ताई यांची बोलणी अजून चालू आहेत, आणि त्यात मला मधे बसवू नये असं मी दोघांनाही कळवलं आहे.